मास्तर नसलेलं स्टेशन

माहेर कुठलं असं कोणी विचारलं की मी आधी ‘जामनेरकडचं’ म्हणून मोकळी होते. कारण भागदरा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, “ते कुठं आलं?” जळगाव जिल्ह्यातलीच बाई असेल तर तिला सांगता येतं, की बाई, पाचोऱ्याहून जामनेरला जी छोटी गाडी जायची ना, पी. जे. म्हणायचे तिला, तिचं शेवटून दुसरं स्टेशन. आमचं गाव त्याहूनही आत, वाटेनं चाललं की पाऊण तास. पण मनातून मला माहेर म्हटलं की घर आठवण्याआधी ते स्टेशनच आठवतं. लिंबाचं झाड, कुलूप घातलेली एक खोली, पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत नाव. बस, संपलं स्टेशन.

तिथं मास्तर नव्हता. मला कळतं तेव्हापासून नव्हता. हमाल नाही, घंटा नाही, चहाची टपरी नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळीच स्टेशनं अशी असतात. पुढे कॉलेजसाठी जळगावला गेले तेव्हा तिथला पूल, ती गर्दी, लाउडस्पीकरवरून गाडीचं नाव पुकारणारी बाई हे सगळं पाहून मी बावरून गेले होते.

माझं सासर धुळ्याला. धुळ्याहून माहेरी जायचं म्हणजे तीन गाड्या. पहिली धुळे-चाळीसगाव, ही १९०० सालची फांदी, ५६ किलोमीटरची. चाळीसगावला उतरून मुंबईहून भुसावळकडे जाणारी मोठी लाईन धरायची ती पाचोऱ्यापर्यंत. आणि पाचोऱ्याला पूल ओलांडून पलीकडे गेलं की कोपऱ्यात आपली छोटी गाडी उभी. तिचीही लांबी गंमत म्हणजे जवळजवळ तेवढीच, ५६ किलोमीटर. नवऱ्याला मी म्हणायची, तुमच्याकडची फांदी आणि आमच्याकडची फांदी सारख्याच लांबीच्या आहेत, तेव्हा मान कोणाचा मोठा ते विचारू नका.

ज्यांनी ती गाडी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोठ्या लाईनीच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचं अंतर असतं. आमच्या गाडीच्या रुळांत अडीच फूट. म्हणजे आपल्या स्वैपाकघरातला ओटा आडवा टाकला तर रुळांच्या बाहेर लोंबेल. डबेही तसेच अरुंद, समोरासमोरच्या बाकांवर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा. ही लाईन १९१८-१९ मध्ये तयार झाली. ती बांधली एका खासगी कंपनीनं आणि चालवायला दिली जी. आय. पी. रेल्वेकडे. त्या काळात अशा पुष्कळ लहान लाईनी खासगी कंपन्यांनी काढल्या. मुख्य लाईन आधीच झालेली होती, पण कापूस पिकायचा आतल्या भागात, तिथून बैलगाडीनं स्टेशनापर्यंत आणायला दिवस मोडायचे. मग कापसासाठी फांद्या फुटल्या. विदर्भातली अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळची ‘शकुंतला’ पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल. तीही अशीच, किलिक निक्सनच्या कंपनीची. तर कापसाची गाडी म्हणून जन्माला आलेली आमची पी. जे. पुढे माणसांची झाली, आणि त्यातही मी म्हणेन बायकांची झाली. का ते पुढे येईलच.

पाचोरा सोडलं की वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा आणि जामनेर. एवढीच स्टेशनं. उजव्या हाताला लांबवर अजिंठ्याचा डोंगर निळसर दिसत राहायचा, जवळ काळी जमीन, कपाशी, मधूनच बाभळीचं रान. शेंदुर्णीला त्रिविक्रमाचं देऊळ आहे, कार्तिकात तिथं रथ निघतो. त्या दिवसांत गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, मुलं खिडकीतून आत सरकवली जायची. पहूर म्हणजे जळगावहून औरंगाबादकडे, आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे, जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. याच रस्त्यानं पुढे गेलं की फर्दापूर आणि अजिंठ्याची लेणी. लेण्यांना जाणारे लोक रस्त्यानं मोटारीतून जायचे, आणि फाटकाशी आमची गाडी दिसली की खाली उतरून फोटो काढायचे. आम्ही आतून त्यांच्याकडे पाहायचो. कोण कोणाला बघायला आलंय ते कळत नसे.

फाटकाची तर आणखी मजा. फाटक आलं की गाडी अलीकडे थांबायची. गाडीतलाच एक माणूस खाली उतरायचा, फाटक लावायचा, गाडी हळूच पलीकडे जायची, मग तो फाटक उघडायचा आणि पळत येऊन पुन्हा चढायचा. लहानपणी हा माणूस एक दिवस मागेच राहणार अशी आम्हां भावंडांना फार आशा होती. तो कधी राहिला नाही.

आता मास्तर नसूनही स्टेशन चालतं कसं? माझ्या शाळेतल्या मुलांनी मला हे विचारलं होतं. (मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, मराठी माझा विषय, पण भूगोलाच्या बाई रजेवर गेल्या की दळणवळणाचा धडा माझ्याकडे येतो.) तर त्यातलं गमक असं, की स्टेशनमास्तर हा काही तिकिटं फाडायला नसतो. त्याचं खरं काम म्हणजे समोरासमोरून दोन गाड्या एका रुळावर येऊ न देणं. जिथं गाड्यांची ये-जा फार, तिथं त्याच्यावाचून चालायचंच नाही. पण आमच्या लाईनीवर गाडी मुळात एकच. तीच सकाळी जायची, तीच परत यायची, पुन्हा दुपारनंतर तीच. तिला टक्कर द्यायला दुसरी होतीच कुठं? मग लहान स्टेशनावर माणूस ठेवून तो करणार काय? तिकीट गार्डबाबूंकडे मिळायचं. गाडी थांबली की त्यांच्या डब्यापाशी जायचं, पैसे द्यायचे. घाईत राहून गेलं तर तेच पुढच्या थांब्यावर खाली उतरून, “भागदऱ्याचे कोण चढले?” म्हणून हाक मारायचे. आणि आम्ही सांगायचो. फुकट जाणारे नव्हतेच असं कसं म्हणू, पण गार्डबाबूंना तोंडानिशी माणसं माहीत होती. जो आज चुकवील तो उद्या सापडणारच.

मी हे मुलांसाठी वाचत होते तेव्हा जपानची माहिती मिळाली. एवढा सुधारलेला देश, पण तिथंही बिनमाणसाची स्टेशनं आहेत, आणि थोडीथोडकी नाहीत. ‘मुजिन-एकी’ म्हणतात, म्हणजे माणूस नसलेलं स्टेशन. पुष्कळशा लहान लाईनी तिथं खासगी कंपन्यांच्याच आहेत. मागच्या दारानं चढायचं, नंबराची चिठ्ठी घ्यायची, आणि उतरताना ड्रायव्हरशेजारच्या पेटीत भाडं टाकून पुढच्या दारानं खाली. ड्रायव्हर हाच गार्ड, हाच कंडक्टर. वाकायामा नावाच्या गावाजवळ अशीच एक तोट्यातली लाईन आहे. २००६ मध्ये ती दुसऱ्या कंपनीकडे गेली, स्टेशनांवरची माणसं काढली. शेवटच्या किशी नावाच्या स्टेशनाशेजारी वाण्याचं दुकान होतं, त्या दुकानाची एक तिरंगी मांजर होती, तामा. ती तिथंच लोळत असायची. तर २००७ च्या जानेवारीत कंपनीनं चक्क त्या मांजरीलाच स्टेशनमास्तर नेमलं! डोक्यावर लहानशी टोपी, पगार म्हणून मांजराचं खाणं. तिला पाहायला लांबलांबून लोक येऊ लागले आणि लाईन तगली. २०१५ मध्ये तामा गेली, तेव्हा तिचा मोठा निरोपसमारंभ झाला. मुलं हे ऐकून इतकी हसली की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या.

आमच्या भागदऱ्याला मांजर नव्हतं. शेळ्या होत्या. आणि शेळ्यांमागे एक आजीबाई होती, तिच्याबद्दल सांगायचं म्हणूनच मी हे लिहायला बसले.

माझं लग्न २०१० साली झालं. पहिली दोन वर्षं न्यायला आणायला कोणी ना कोणी यायचं, त्यामुळे प्रश्न आला नाही. मुलगा झाला आणि पुढच्या वर्षी, म्हणजे २०१३ मध्ये, आईचं दुखणं निघालं. भाऊ शेतात, नाना म्हणजे माझे वडील आईपाशी, आणि ह्यांना रजा नाही. मी म्हटलं, मी एकटी जाते. सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. त्या धुळे तालुक्यातल्या, रागावल्या की अहिराणीत बोलतात.

“मास्तर नही, दिवा नही, तठे बाईमानूस कशी उतरस?”

त्यांचंही चुकत नव्हतं हो. संध्याकाळच्या गाडीनं गेलं तर थंडीच्या दिवसांत भागदऱ्याला पोचेपर्यंत दिवेलागण व्हायची, आणि तिथं दिवा लागायचाच नाही. कडेवर पोर. मी मात्र हट्टाला पेटले होते. आई आजारी आहे आणि मी धुळ्यात बसून काय करू? शेवटी ठरलं, की नानांना फोन करायचा, त्यांनी बैलगाडी घेऊन स्टेशनावर थांबायचं. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. शेजारच्या मुलाच्या मोबाईलवर निरोप दिला. तो म्हणाला, “सांगतो, आक्का.” आणि मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बाळाचं दूध घेऊन निघाले.

जाता जाता एक सांगते. लहान मुलाला घेऊन तीन गाड्या बदलायच्या असतील तर एक मोठी पिशवी घेण्यापेक्षा दोन लहान घ्या आणि दोन्हींना खांद्यावर अडकवता येतील असे बंद लावा. पूल चढताना एक हात मुलाला मोकळा लागतोच. हे मला त्या दिवशी पाचोऱ्याच्या पुलावर कळलं.

धुळ्याची गाडी नेहमीसारखी. बोरविहीर, शिरूड, राजमाने, प्रत्येक ठिकाणी दोन चढले, तीन उतरले. समोरच्या म्हातारीनं विचारलं, “कथा चालनी वं माय?” मी सांगितलं. तिनं बाळाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. चाळीसगावला तासभर बसावं लागलं. पाचोऱ्याला उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. छोट्या गाडीत बसले तसं मात्र अंगातलं सगळं ओझं उतरलं. डबाभर आमच्याकडची बोली. बाजार करून परतणाऱ्या बाया, त्यांच्या टोपल्या, कोणाचा तरी रडका नातू. माझ्या बाळाला कोणी घेतलं ते मला शेंदुर्णीपर्यंत दिसलंच नाही, हातोहात पार डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं.

पहूर गेलं. अंधारायला लागलं. भागदरा आलं. मी उतरले आणि माझ्याबरोबर दोन पुरुष उतरले, ते रुळ ओलांडून दुसऱ्या वाटेनं चालते झाले. लिंबाखाली बैलगाडी नव्हती.

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुलूपबंद खोली, तिच्या ओट्यावर कोणी नाही. मोबाईल काढला तर त्यावर रेंज नाही. बाळ कडेवर पेंगुळलेलं. तेवढ्यात शेवटच्या डब्यातून गार्डबाबू उतरले. हातात कंदिलासारखी बत्ती. वयानं नानांएवढे असतील.

“ताई, न्यायला कोण येणार आहे?”

“वडील येणार आहेत. येतीलच.”

“दिसत तर नाहीत.”

मी काही बोलले नाही. खरं सांगते, त्या क्षणी सासूबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. गार्डबाबूंनी वाटेकडे पाहिलं, घड्याळात पाहिलं, आणि बत्ती खाली ठेवून ते सरळ ओट्यावर बसले. गाडी उभी. पुढून ड्रायव्हरनं एकदा शिटी वाजवली. ह्यांनी नुसता हात वर केला. डब्यातून कोणी तरी ओरडलं, “बाबू, उशीर होतोय!” तर हे म्हणाले, “पुढे जामनेरच आहे ना? समोरून कोणती मेल येतीये? दहा मिनिटांत तुझं काय नासतंय?” डब्यातल्या बाया हसल्या. एक म्हणाली, “तिले गाडीत घ्या, जामनेरले माह्याकडे झोपीन रात्रभर.” मला रडू आवरेना, आणि हसूही येत होतं.

तेवढ्यात रुळाच्या पलीकडून शेळ्या आल्या, आणि त्यांच्या मागे ती. काठी, डोक्यावर पदर, पायात पुरुषी चपला. जवळच तिची वस्ती होती. मी तिला लहानपणापासून पाहत आले होते, पण ती मला ओळखते हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे बारकाईनं बघत म्हणाली,

“तू त्या तुकड्यावाल्या नानांची पोर ना? कोणी आलं नही का तुले घ्यायले?”

तुकडा म्हणजे आमचं स्टेशनाजवळचं दोन बिघ्यांचं रान. त्यावरून आमची ओळख. गार्डबाबू उठले. त्यांनी तिला विचारलं, “आजी, ह्यांना सोबत करशील का?” ती म्हणाली, “मी काय करीन नही तर? शेळ्यांसंगं उभी ठेवीन का तिले?” तेव्हा कुठं त्यांनी बत्ती उचलली. गाडीत चढताना मला म्हणाले, “परवा परत जाताना मीच असेन. आई कशी आहे ते सांगा.” मी त्यांना आईबद्दल काही बोलले नव्हते. डब्यातल्या बायांनी सांगितलं असणार.

गाडी गेल्यावर जी शांतता पडते ना, ती मला आजही सांगता येत नाही. आजीबाईनं नातवाला सायकलवर आमच्या गावाला पिटाळलं आणि मला ओट्यावर बसवून स्वतः खाली बसली. बाळाला मांडीवर घेतलं. तिच्या लुगड्याला शेळ्यांचा वास येत होता, आणि बाळ तिच्याजवळ असं झोपलं की जणू रोजचंच. ती बोलत होती. तिला नवरी म्हणून ह्याच स्टेशनावर उतरवलं होतं, तेव्हा वाफेचं इंजिन होतं, डोळ्यांत कोळशाची कणी गेली म्हणून ती रडत होती, आणि सासरच्यांना वाटलं माहेरच्या आठवणीनं रडते. “मी काही बोलली नही,” ती म्हणाली, “रडू दोन्हीचं होतं.”

तासाभरानं नाना आले, धापा टाकत, बैल न जुंपता सायकलवरच. निरोप पोचला होता, पण ‘उद्या’ म्हणून पोचला होता. नाना काही बोलले नाहीत. बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला, आजीबाईपुढे हात जोडले. आम्ही चंद्राच्या उजेडात चालत घरी गेलो, मी, नाना, सायकलच्या दांडीला अडकवलेल्या माझ्या दोन पिशव्या.

धुळ्याला परत आल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं, आता माझं एकटीनं जाणं कायमचं बंद. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तिले काही दिधं का तू?” मी म्हटलं, नाही, सुचलंच नाही. त्यांनी आत जाऊन डब्यातून वर्षाचे बिबडे काढले. आमच्याकडे ज्वारी भिजवून, दळून, शिजवून उन्हाळ्यात हे करतात. पोळीएवढे मोठे आणि कोरडे पडले की टाचणी लागली तरी मोडतील असे. जुन्या सुती लुगड्याच्या घड्यांत एकेक ठेवून पत्र्याच्या डब्यात बसवले. पुढच्या खेपेला मी तो डबा घेऊन गेले, तीन गाड्या बदलून. एकही मोडला नाही. त्यानंतर सहा-सात वर्षं मी एकटीच जात-येत होते आणि घरातून कोणी हूं की चूं केलं नाही.

म्हणून मी म्हटलं, ती गाडी बायकांची होती. भाडं फार तर पंधरा-वीस रुपये. एसटीत चढताना जी रेटारेटी होते ती इथं नाही. डोक्यावरची टोपली, कडेचं मूल, बाळंतिणीची सुपारी-शेपेची पुरचुंडी, सगळ्याला जागा. सोबतीला पुरुष हवाच असं नाही. माझ्या ओळखीतल्या दोन मुली ह्या गाडीनं रोज जाऊन-येऊन बारावी झाल्या. बस असती तर घरच्यांनी धाडलंच नसतं.

नाना २०१९ मध्ये गेले. आणि २०२० च्या मार्चमध्ये करोनानं देशभरातल्या गाड्या थांबल्या, त्यात आमचीही थांबली. त्या वर्षी आखाजी २६ एप्रिलला होती. खानदेशाबाहेरच्या मैत्रिणींना कल्पना नसेल, अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि आमच्या सासुरवाशिणींची ती दिवाळीच. घागर भरायची, गौराई मांडायची, आमरस-पुरणपोळी, झाडाला झोके, आणि दुपारभर गाणी. लेक माहेरी आली नाही तर आखाजी कसली? लग्नानंतरची माझी पहिलीच आखाजी सासरी झाली. आई फोनवर म्हणाली, “झोका बांधलाच नही.”

वाटलं, वर्षभरात सुरू होईल. मोठ्या लाईनी सुरू झाल्या. धुळ्याची गाडी सुरू झाली, २०२१ च्या डिसेंबरात तर ती नवी कोरी मेमू झाली, स्वच्छ आणि वेगवान. पी. जे. मात्र सुरू झाली नाही. मग बातमी आली, की ती अडीच फुटी गाडी आता येणारच नाही. लाईन रुंद व्हायची आहे आणि जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत न्यायची आहे, म्हणजे तिकडच्या मोठ्या लाईनीला मिळेल. चांगलंच आहे. कोणी वाईट म्हणेल? कापूस, केळी सरळ वॅगनमध्ये भरता येईल, पोरं थेट लांबच्या गाडीत बसतील. मीही पेपर वाचून आनंदानं ह्यांना दाखवला.

२०२२ च्या आखाजीला मी मुलाला घेऊन गेले. आता वाट वेगळी. धुळ्याहून बसनं जळगाव, जळगावहून जामनेरची बस, आणि पुढे मिळेल ती रिक्षा. दिवस तेवढाच मोडतो, पैसे कितीतरी जास्त, आणि वाटेत कोणाशी बोलणं होत नाही, सगळे मोबाईलमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घेऊन स्टेशनाकडे गेलो. पाटी होती. खोलीचं कुलूप गंजलं होतं. रुळांत कुसळी गवत गुडघ्याएवढं, आणि एका ठिकाणी रुळावरच कोणी तरी गोवऱ्या वाळत घातलेल्या. मुलगा नऊ वर्षांचा झाला होता. तो म्हणाला, “आई, इथं तिकीट कुठं मिळायचं?” मी त्याला शेवटचा डबा जिथं थांबायचा ती जागा दाखवली. तो तिथं जाऊन उभा राहिला.

आजीबाई लिंबाखालीच भेटली. शेळ्या आता नातू राखतो. डोळ्यांनी अधू झाली आहे. मुलाला चाचपून म्हणाली, “हाच का तो?”

आईनं तिथंच विषय काढला. आमची आई जेमतेम चौथी शिकलेली, पण तिच्या डोक्यात गोष्ट पक्की असते. म्हणाली, “मोठी गाडी येईन ते ठीक. पण इथं थांबीन का?” मला उत्तर देता आलं नाही. मोठी गाडी वेगानं जाणार. तिला प्रत्येक लिंबाखाली थांबून कसं चालेल? आणि नाही थांबली तर बाईनं जामनेरला उतरून रात्री इकडे यायचं कशानं? आई म्हणाली, “तू मास्तरीण आहेस ना? लिही मग.”

आखाजीच्या दुपारी गाणी झाल्यावर, झोका मोकळा सोडून, मी ओसरीवर अर्ज लिहायला बसले. ‘रुंदीकरणानंतर भागदरा येथे प्रवासी गाडीस थांबा मिळावा’ असा विषय घातला. पुढे काय लिहावं ते सुचेना. बायका भोवती बसल्या होत्या, एकेक सांगत गेली आणि मी लिहीत गेले. एकीनं सांगितलं, दवाखाना. एकीनं सांगितलं, मुलीचं कॉलेज. एक नवी सून आतापर्यंत गप्प होती, ती म्हणाली, “माह्या माहेरची गाडी लिहा.” अर्जात असं लिहीत नाहीत, पण मी लिहिलं. कोणी म्हणालं, मास्तर पण मागा. त्यावर आजीबाई म्हणाली, “मास्तर कशाले? गाडी थांबली म्हंजे झालं. बाकी आम्ही आहो ना इथं.”

एकेचाळीस सह्या झाल्या, त्यातले सतरा अंगठे. आजीबाईचा अंगठा मी धरून उमटवला. शाई जास्त लागली आणि खालच्या दोन नावांवर पसरली. दुसरा कागद घेऊ का म्हणून विचारलं तर आई नको म्हणाली. जामनेरला जाऊन तो तसाच रजिस्टरनं पाठवला. पावती आईनं देव्हाऱ्यात, घागरीखाली ठेवली आहे.